टेकू आणि खिडकी क्रमांक चार

भाची दारात उभी राहिली तेव्हा मी जेवणाच्या टेबलावर चढून पंख्याची पाती पुसत होतो. त्या आठवड्यातली ही तिसरी वेळ. एकोणतीस वर्षं जलनिस्सारण खात्यात आरेखक म्हणून गटारांचे नकाशे काढल्यावर खात्याने संगणक घेतला आणि मला मुदतीआधी घरी पाठवलं, त्याला चार महिने झाले होते. या चार महिन्यांत मी घरातला प्रत्येक स्क्रू घट्ट केला होता. जे सैल असायला हवे होते तेही केले होते. न्हाणीघराची खिडकी तेव्हापासून उघडत नाही आणि तिचा विषय आमच्याकडे काढत नाहीत.

"मामा, तू अस्वस्थ आहेस," भाची खालून म्हणाली.

"मी कामात आहे."

"तेच. मला असाच माणूस हवाय."

फर्निचरच्या एका मोठ्या कंपनीतली चांगली नोकरी सोडून ती आली होती. एका मैत्रिणीबरोबर स्टार्टअप काढायचं ठरलं होतं, पण मैत्रिणीला ऐन वेळी परदेशातली शिष्यवृत्ती मिळाली. भाचीकडे उरली ती नवउद्योग केंद्राने दिलेली तीन महिन्यांची मुदत, पिवळ्या चिकटचिठ्ठ्यांचा एक खोका आणि अर्धी कंपनी. मुदत संपेल त्या शुक्रवारी केंद्राच्या समितीपुढे उभं राहून तिला एक वस्तू दाखवायची होती, आणि ती खरोखर वापरलेली वीस माणसं सांगायची होती. जमलं नाही तर परत नोकरी. तिच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या मेहुण्यांनी, जुन्या साहेबांशी बोलून तिची खुर्ची रिकामी ठेवायला लावली होती. मला फोनवर ते म्हणाले, "तुम्ही काही करू नका, एवढंच करा." एखाद्या माणसाकडून इतकीच अपेक्षा असावी, हे मला लागलं.

भाचीने सांगितलं की तिच्या पद्धतीला डिझाइन थिंकिंग म्हणतात. आमच्या खात्यात आम्ही नुसतं डिझाइन करत होतो. थिंकिंग वेगळं करावं लागतं, हे एकोणतीस वर्षांत मला कुणी सांगितलं नव्हतं.

"आधी माणूस समजून घ्यायचा, मग त्याची अडचण नेमकी मांडायची, मग कल्पना काढायच्या, मग कच्चा नमुना, मग चाचणी," तिने एका हाताची पाच बोटं मोजली.

माझी बायको शाळेत गणित शिकवते. ती वह्या तपासत होती. तिने मान वर न करता विचारलं, "आणि उत्तर कुठल्या बोटावर?"

समजून घ्यायला माणूस लागतो. तो घरातच होता. दोन दिवस भाची वही घेऊन माझ्या मागे फिरली. पहिल्या दिवशी मी जरा जपून वागलो; चहासुद्धा विचारपूर्वक प्यालो. दुसऱ्या दिवशी मला नोंदणी कार्यालयात जावं लागलं, कारण घराच्या कागदावर माझ्या आडनावात एक वेलांटी जास्त पडली होती. खिडकी क्रमांक चारपुढे मी सव्वातीन तास उभा राहिलो आणि नंबर आल्यावर कळलं की वेलांटीची खिडकी वेगळी आहे. भाची भिंतीला टेकून लिहीत होती.

संध्याकाळी तिने दिवाणखान्याच्या भिंतीवर एक मोठा कागद लावला. त्यावर माझं चित्र होतं, पोटासकट. खाली लिहिलं होतं: 'वापरकर्ता. वय चौपन्न. गुडघे अधू. सव्वातीन तासांत एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर एकशे चौदा वेळा. सहा जणांना सल्ला दिला. मागितला कुणीही नव्हता.'

"हे शेवटचं कशाला?" मी विचारलं.

"निरीक्षण आहे मामा. निरीक्षणात आवडनिवड नसते."

सकाळी उठून पाहतो तो त्याखाली लाल पेनाने, बायकोच्या अक्षरात, आणखी दोन ओळी वाढल्या होत्या: 'स्वतःची चूक सांगताना आवाज चढतो. खिडकी पाहा.'

मी अपमान गिळला. निदान अपमानातून कंपनी उभी राहत होती. भाचीने त्या कागदाच्या मथळ्यावर अडचण नेमकी मांडली: 'रांगेत उभ्या माणसाला टेकायला काही नाही.' माझ्या गुडघ्यांकडे इतक्या गांभीर्याने आजवर डॉक्टरांनीही पाहिलं नव्हतं. आम्ही रांगेतल्या माणसासाठी एक हलकं, घडीचं स्टूल करायचं ठरवलं. नाव मी सुचवलं. टेकू. घराला देतात तसा माणसाला. भाचीला ते आवडलं आणि त्या दिवसापुरता माझा पंखा पुसायचा राहिला.

मग कल्पनांचा आठवडा आला. भिंतीवर पिवळ्या चिठ्ठ्या वाढू लागल्या. नियम असा की या टप्प्यावर कुठलीही कल्पना वाईट म्हणायची नाही. हा नियम आमच्या वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांच्या कानावर जायला नको होता. ते न्यायालयात लघुलेखक होते. लघुलेखन त्यांचं निवृत्तीबरोबर सुटलं नव्हतं आणि बोलण्याचा लघुशी काही संबंध नव्हता. ते रोज सकाळी 'सहज' म्हणून येत, आधी चिठ्ठ्यांमधलं शुद्धलेखन दुरुस्त करत आणि मग स्वतःच्या चिठ्ठ्या लावत.

"पिशवी अडकवायला एक आकडा हवा," ते म्हणाले. तो भाचीने घेतला. "छत्री खोचायला नळी हवी. चष्म्याला कप्पा हवा. वर्तमानपत्र धरायला चिमटा हवा. आणि भोंगा हवा."

"भोंगा कशाला?" मी विचारलं.

"पुढचा माणूस पेंगला तर."

मी भाचीकडे पाहिलं. तिने शांतपणे 'भोंगा' अशी चिठ्ठी लिहून भिंतीला लावली. तिच्या सहनशक्तीचं मला कौतुक वाटलं आणि थोडी काळजीही. तळमजल्यावरच्या बाईंनी जिन्यात अडवून मला सांगितलं की स्टूल गुलाबी ठेवा, चोरीला जात नाही. त्यांची चिठ्ठी मी खिशातच ठेवली.

लोकांना प्रत्यक्ष विचारायचं कामही होतं. भाचीच्या पद्धतीत पाच वेळा 'का' विचारतात. म्हणजे वरवरच्या उत्तराखालचं खरं उत्तर हाती लागतं. मी नोंदणी कार्यालयाच्या रांगेत जाऊन एका सभ्य गृहस्थांना विचारलं, उभं राहून काय त्रास होतो. म्हणाले, कंटाळा येतो. का? कारण एकटा आलोय. का? कारण भाऊ येणार होता तो आला नाही. का? इथे त्यांचा चेहरा बदलला, पण मी पद्धतीला धरून राहिलो. चौथ्या 'का'ला त्यांनी मला त्यांच्या वडिलांच्या मृत्यूपासूनचं सगळं सांगितलं आणि पाचव्याला खांद्यावर डोकं ठेवून रडले. रांगेतले लोक माझ्याकडे असे पाहू लागले की जणू मीच तो भाऊ. रखवालदार आला आणि म्हणाला, "दलाली आवाराबाहेर."

"मी संशोधन करतोय," मी म्हणालो.

"तेही बाहेर."

आता नमुना. इथे मात्र माझा प्रांत सुरू होतो, असं मी समजत होतो. मी तीन दिवस बसून टेकूचा नकाशा काढला. समोरून, वरून, बाजूने. एकास पाच प्रमाण. कोपऱ्यात शीर्षकाची चौकट आणि 'आरेखक' या शब्दापुढे माझी सही. असा नकाशा आता कुणी काढत नाही. भाचीने तो दोन्ही हातांनी धरून पाहिला, "किती सुंदर आहे मामा," म्हणाली, आणि गुंडाळून कपाटावर ठेवला.

"आपल्याला आधी पुठ्ठ्याचा करायचाय. पटकन करायचा, पटकन मोडायचा, शिकायचं."

मोडायचं ठरवूनच वस्तू करणं मला जमेना. मी पुठ्ठ्याला आतून आडवे टेके दिले, डिंक लावला, रात्रभर वजनाखाली ठेवला. सकाळी लघुलेखक आले आणि कुणी काही बोलायच्या आत त्यावर बसले. ते शिकण्याच्या टप्प्याला फार लवकर पोचले. त्यांना उठवताना माझ्या पाठीत उसण भरली. भाची लिहून घेत होती.

शेवटी आम्ही वेल्डरकडे गेलो. मोठ्या रस्त्याच्या आतल्या बाजूला त्याचं दुकान होतं, आणि दारं-जाळ्या करून त्याला वीस वर्षं झाली होती. भाचीने त्याला वापरकर्ता, गरज, अनुभव असं सगळं अर्धा तास सांगितलं. त्याने चष्मा कपाळावर सरकवला.

"बसायचंय ना?"

"हो."

"किती वेळ?"

"दोन-तीन तास."

"मग मागे रेलायला एक पट्टी लागेल. तुमच्यात नाहीये."

एवढं बोलून त्याने तीन दिवसांत पहिलं स्टूल करून दिलं. हलक्या नळीचं, घडी घालून काखेत मावणारं, मागे पट्टी, बाजूला आकडा, आणि मागच्या दोन पायांना छोटी चाकं, म्हणजे रांग सरकली की उठावं लागू नये. मी त्यावर बसलो आणि खरंच सांगतो, खात्यातून घरी आल्यापासून पहिल्यांदा अर्धा तास एका जागी बसलो. बायको वही मिटून पाहत राहिली. "अशी आणखी एकोणीस करा," ती वेल्डरला म्हणाली, "काम संपलं की एक यांच्यासाठी कायमचं ठेवू."

कार्यालयाच्या आवारात चाचणी घ्यायची तर परवानगी हवी, आणि परवानगीसाठी व्यवसायाची नोंद हवी. दोन्ही त्याच कार्यालयात, खिडकी क्रमांक दोनला. तिथल्या बाई अत्यंत कर्तव्यदक्ष होत्या. मी आयुष्यभर ज्यांना घाबरत आलो त्या याच.

"वस्तूचा वर्ग लिहिलेला नाही," त्या म्हणाल्या.

"फर्निचर," भाची म्हणाली.

"फर्निचर एका जागी असतं. याला चाकं आहेत."

"छोटी आहेत. रांग पुढे गेली की माणसाने बसल्या बसल्या पुढे जावं म्हणून."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे माणूस यावर बसतो, आणि बसलेला असताना पुढे जातो."

"हो."

"मग हे वाहन आहे."

मी विनोद समजून हसलो. ती चूक झाली. त्यांनी आम्हाला वाहन विभागात पाठवलं. वाहन विभागाने विचारलं, इंजिन किती ताकदीचं. नाही म्हटल्यावर त्यांनी आम्हाला बिनइंजिनाच्या वाहनांकडे पाठवलं. तिथल्या गृहस्थांनी ब्रेक कुठे आणि भोंगा कुठे, असं विचारलं. भाची माझ्याकडे पाहू लागली. मी छताकडे पाहू लागलो. लघुलेखक बरोबर आले होते. त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते मी अजून माफ केलेलं नाही.

असे नऊ दिवस गेले. मुदतीतला प्रत्येक दिवस भाचीच्या चेहऱ्यावर दिसू लागला. ती उभ्याने जेवायची, बोलता बोलता पेन उघडझाप करायची, आणि मी तिच्या मागेपुढे फेऱ्या मारायचो. आम्ही दोघं एकाच खोलीत असलो की बायको वह्या घेऊन स्वयंपाकघरात जाई. दहाव्या दिवशी खिडकी दोनच्या बाईंनाच दया आली. म्हणाल्या, "दोन मार्ग आहेत. चाकं काढा, नाहीतर त्यावर बसू नका."

आम्ही चाकं काढली. वेल्डरने चाळीस चाकं एका डब्यात टाकली आणि डबा माझ्या हातात दिला.

चाचणी सोमवारी सुरू झाली; समितीचा शुक्रवार त्याच आठवड्यात होता. रांगेतल्या पहिल्या वीस जणांना आम्ही सकाळी स्टुलं दिली, काम झालं की परत घ्यायची आणि पुढच्याला द्यायची, अशी योजना. सोमवार फार छान गेला. लोक बसले. एकमेकांशी बोलू लागले. एका आजींनी भाचीच्या डोक्यावरून हात फिरवला. खिडकी चारवरचा कारकून, ज्याला रांगेत सगळे 'पुढचे' म्हणत, कारण त्या शब्दाखेरीज तो काही बोलत नसे, त्यानेसुद्धा एकदा वाकून बाहेर पाहिलं. मंगळवारी माझी छाती इतकी फुगली होती की मी दोन अनोळखी माणसांना डिझाइन थिंकिंग समजावून सांगितलं. मागितलं कुणीही नव्हतं.

बुधवारी साधारण अकराच्या सुमाराला एक गृहस्थ उठले. स्टुलाच्या आकड्याला निळी पिशवी अडकवली आणि मला म्हणाले, "दोन मिनिटांत आलो. नंबर आहेच इथे." त्यांच्या मागच्या बाईंनी ते पाहिलं. त्यांनी ओढणीची गाठ मारली आकड्याला आणि त्याही गेल्या. मग कुणी छत्री लावली, कुणी टोपी, एकाने चिठ्ठी खोचली: 'आलोच.' माझ्या डोळ्यांदेखत पाऊण तासात ती रांग रिकामी झाली. वीस टेकू ओळीत उभे होते आणि त्यांवर माणूस म्हणून कुणी नव्हतं. कुणी चहाला गेलं, कुणी बाजारात, आणि एक जण, नंतर कळलं, केस कापायला.

खिडकीतून आवाज आला, "पुढचे."

निळी पिशवी हलली नाही.

"पुढचे."

मी पुढे झालो. "ते येतायत," मी सांगितलं.

रांगेच्या शेपटाला ज्यांना स्टुलं मिळाली नव्हती ते पंधरा-वीस लोक उभे होते. ते आता ओरडू लागले, की पिशव्यांच्या आणि लोखंडाच्या मागे आम्ही किती वेळ थांबायचं. त्यांचं बरोबर होतं. पण निळ्या पिशवीचंही बरोबर होतं, कारण नंबर तिचा होता. कारकुनाने वैतागून निळी पिशवी मागे टाकली आणि ओढणीला बोलावलं. रांग सरकायला हवी होती आणि चाकं डब्यात होती. मग मी एकेक स्टूल उचलून एकेक पाऊल पुढे ठेवू लागलो. वीस स्टुलं. शेवटचं ठेवेपर्यंत पहिल्याची वेळ परत आलेली असे. रांगेत उभं राहण्याचा त्रास मिटवायला निघालेला मनुष्य एकटा अख्खी रांग वाहत होता. पाठीतली उसण परत आली. लघुलेखक भिंतीशी उभं राहून, झाला प्रकार शब्दशः, लघुलिपीत उतरवून घेत होते.

अशा वेळी वरचे अधिकारी खाली आले. त्यांनी रांगेवरून नजर फिरवली.

"या रांगेत माणसं किती?"

मी मोजली. "मी," म्हणालो.

नियम सरळ होता. आवारात मालकाविना पडलेली वस्तू बेवारस समजून कोठारात जमा करावी. दोन शिपायांनी वीसही टेकू, पिशवी, छत्री, टोपी आणि 'आलोच'सकट उचलून नेले. त्यानंतर वीस माणसं परतली. त्यांचा नंबर गेला होता आणि सामानही, आणि दोन्हींना जबाबदार म्हणून समोर मी होतो. एक जण अर्धेच केस कापून धावत आला होता. मला काय काय बोलले ते मी सांगणार नाही. लघुलेखकांकडे आहे.

भाची इतका वेळ जिन्याच्या पायरीवर बसून होती. ती रागावली नाही, रडली नाही, हे जास्त वाईट. घरी आल्यावर ती भिंतीवरच्या चिठ्ठ्या एकेक करून काढू लागली. काढून, नीट एकावर एक ठेवून. मला कितीतरी सांगायचं होतं. परवानगीचं, चाकांचं, लघुलेखकांचं. चूक कुणाकुणाची हे माझ्याकडे क्रमवार तयार होतं. तेवढ्यात बायको वह्या बाजूला सारून म्हणाली, "त्यांना बसायचं नव्हतंच ग. त्यांना जायचं होतं."

भाचीचा हात भिंतीवर थांबला.

"आपण त्यांना पाच वेळा 'का' विचारलं," ती हळूच म्हणाली, "आणि कान मात्र स्टुलाकडे ठेवले." मग पुढची चिठ्ठी काढत, "बाबांना कळवते. जागा आहे अजून."

मी काही बोललो नाही. माझ्या आयुष्यात ही गोष्ट फार वेळा घडलेली नाही, म्हणून नोंदवतो.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, तिला न सांगता मी स्टुलं सोडवायला गेलो. निदान वस्तू तरी तिच्या हातात द्यावी, समितीपुढे रिकाम्या हाताने जायला नको. कोठारवाल्याने सांगितलं, बेवारस माल सोडवायचा अर्ज खिडकी क्रमांक चारला. खिडकीवर 'जेवणाची सुट्टी' अशी पाटी होती. शिपायाला माझा चेहरा आता पाठ झाला होता. तो कंटाळून म्हणाला, "आतून जा, साहेब आतच आहेत."

तीस वर्षं मी अशा खिडक्यांच्या बाहेरून पाहत आलो होतो. आत जायची ही पहिली वेळ. आतली जमीन बाहेरच्यापेक्षा वीतभर खाली होती आणि खिडकीचा कट्टा छातीपर्यंत येत होता. कोपऱ्यात एक सरकारी खुर्ची होती. तिच्यावर फायली बसल्या होत्या. आणि जुन्या दप्तरांचे दोन गठ्ठे रचून, त्यांवर आमचा टेकू ठेवून, त्यावर 'पुढचे' बसले होते. बूट काढलेले, मोजे काढलेले, डोळे मिटलेले. घोटे सुजून पावलांशी एकजीव झाले होते.

माझी चाहूल लागताच ते खाडकन उठले आणि बूट शोधू लागले. पन्नाशीचा माणूस, पण वर्गात काहीतरी खाताना पकडल्यासारखा झाला.

"जमा मालाची तपासणी करत होतो," ते म्हणाले.

"करा की," मी म्हणालो. "खुर्चीवर का नाही बसत?"

"खुर्चीवर बसलं तर खिडकीतून माणूस दिसत नाही. माणसाला मी दिसत नाही. बांधतानाच तसं झालंय."

"किती वर्षं?"

"तेवीस."

"कुणाला सांगितलं नाही?"

त्यांनी बुटाची नाडी हातात धरून विचार केला. "विचारलं नाही कुणी. बाहेरून येतो तो त्याचं काम विचारतो."

माझ्या तोंडाशी चार सल्ले आले होते. गरम पाण्याचा, मिठाचा, बुटाच्या मापाचा, आणि वरिष्ठांना लेखी अर्ज कसा करावा याचा. मी ते आवरले, खुर्चीवरच्या फायली जमिनीवर ठेवल्या, तिच्यावर बसलो आणि म्हणालो, "दिवसाची सुरुवात कशी होते तुमची? सांगा." खुर्चीवरून मला खिडकीतून खरोखरच बाहेरचं छत तेवढं दिसत होतं. ते अर्धा तास बोलले. अशा चौदा खिडक्या होत्या आणि चौदाही जण उभे होते. खिडकी दोनच्या बाईंच्या पायांच्या शिरा फुगल्या होत्या. म्हणून त्या, ते म्हणाले, चाकाच्या कुठल्याही वस्तूवर चिडतात. हे तर्काला धरून नव्हतं, पण मला पटलं.

मी बाहेर येऊन भाचीला फोन लावला. ती वही घेऊन वीस मिनिटांत आली. 'पुढचे' यांनी पाय दाखवायला आधी संकोच केला, मग दाखवले. तिने कट्टा मोजला, जमीन मोजली, त्यांना बसवून, उठवून, शिक्का मारायला लावून मोजलं. ती पुन्हा पेन उघडझाप करत होती, पण आता मध्येच थांबून लिहीत होती. निघताना तिने मला विचारलं, "मामा, तो नकाशा कसा काढतोस तू? एकास पाच?"

तो मी संध्याकाळपर्यंत काढला. उंच टेकू, पाय ठेवायला आडवी दांडी, सही माझी.

शुक्रवारी ती समितीपुढे उभी राहिली. मला आत सोडलं नाही. मी बाहेरच्या बोळात इतक्या फेऱ्या मारल्या की तिथल्या बाईंनी मला दोनदा विचारलं, तुमचाही स्टार्टअप आहे का. आत काय झालं ते तिने नंतर सांगितलं. वीस वापरकर्ते आहेत का, असं विचारल्यावर ती म्हणाली होती, "वीस होते. वीसही स्टूल सोडून निघून गेले. त्यातूनच आम्हाला कळलं." मग तिने बुधवारचा सगळा प्रकार सांगितला, अर्ध्या केसांच्या माणसासकट, आणि शेवटी माझा नकाशा आणि कार्यालयाचं पत्र पुढे ठेवलं. ते पत्र 'पुढचे' यांनी त्याच सकाळी स्वतः लिहून, चौदा जणांच्या सह्या घेऊन, वरच्या अधिकाऱ्यांकडून मंजूर करून आणलं होतं. त्यात म्हटलं होतं, 'उपरोक्त बेवारस वस्तू कर्मचाऱ्यांच्या पायांस हितकारक आढळून आल्याने तत्सम परंतु उंच अशा चौदा नगांची आवश्यकता आहे.'

समितीने आम्हाला पहिला क्रमांक दिला नाही. तो सायकलवर चालणाऱ्या कपडे धुण्याच्या यंत्राला गेला. पण मुदत सहा महिने वाढवून दिली. मेहुण्यांनी फोन करून विचारलं, "तुम्ही काही केलंत का?" मी म्हणालो, "बसलो होतो फक्त." तेव्हा ते म्हणाले की तिची जुनी खुर्ची दुसऱ्या कुणाला द्यायला सांगतो.

वेल्डरने चौदा उंच टेकू महिन्याभरात करून दिले. पोच करून पंधरा दिवस झाल्यावर पावतीवर शिक्का घ्यायला आम्ही दोघं कार्यालयात गेलो. शिक्का खिडकी क्रमांक चारला मिळतो, म्हणून रांगेत उभे राहिलो. रांग दाराबाहेर पायऱ्यांपर्यंत आली होती. एवढी लांब रांग मी तिथे पाहिली नव्हती, आणि ती हलत नव्हती. मान लांब करून पाहिलं तर 'पुढचे' टेकूवर मजेत रेलून बसले होते. त्यांचा चेहरा आता समोरच्याच्या चेहऱ्याच्या बरोबरीला आला होता. ते एका म्हाताऱ्या गृहस्थांना अर्ज समजावून सांगत होते, मुलगा काय करतो विचारत होते, मध्येच हसत होते.

माझ्या पुढच्या बाईंनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि सुस्कारा टाकला.

"पूर्वी बरं होतं," त्या मला म्हणाल्या. "पाय दुखायचे त्याचे, म्हणून भराभरा उरकायचा. आता बसलाय गप्पा मारत. कुठल्या शहाण्याने दिलं हो याला हे स्टूल?"

मी भाचीकडे पाहिलं. ती भिंतीवरची सूचना अतिशय लक्षपूर्वक वाचू लागली.

"कोण जाणे," मी म्हणालो. "आपल्याला कोण विचारतं."